पहिली मिळकत : मुंबईच्या इतिहासांतून कांहीं धडे



गेल्या दसऱ्याला माझा पुतण्या सोनें देण्यासाठीं घरीं आला. वय सव्वीस, पुण्यास नोकरी, लग्न अद्याप व्हावयाचें आहे. आपट्याचें पान माझ्या हातीं ठेवून तो म्हणाला, "काका, हें सोनें नांवाचें, खरें सोनें मीं शोधून ठेवलें आहे." मग त्यानें खिशांतून मोबाइल काढून एका इमारतीचें चित्र मला दाखविलें. इमारत अजून बांधावयाची होती. चित्रांत मात्र तिच्या अंगणांत झाडें वाढलीं होतीं आणि मुलें खेळत होतीं. शहराच्या कडेचा एक लहान गाळा, किंमत पन्नास लाख रुपये. त्यांत स्वतः राहावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचा. दहा लाख पदरचे, चाळीस लाख बँकेचे. भाड्यावर हप्ता फिटेल, दहा वर्षांनीं किंमत दुप्पट होईल, मग दुसरा गाळा. "जमीन कधीं दगा देत नाहीं, काका," असें म्हणून त्यानें आपलें व्याख्यान संपविलें.

हें वाक्य माझ्या कानांना नवें नव्हतें. माझ्या आजोबांनीं १९३८ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, अगदीं हेंच वाक्य उच्चारून गिरगांवांतील एका बोळांतली चौदा खोल्यांची चाळ विकत घेतली होती. त्या खरेदीखताची पिवळी पडलेली नक्कल आणि भाड्याची वही अजून माझ्या ट्रंकेंत आहे. पुतण्याला उपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं. मीं स्वतः आयुष्यांत एकच घर घेतलें, तेंहि उतारवयांत. परंतु जन्मभर शाळेंत इतिहास शिकविल्यामुळें एक खोड जडली आहे. कोणी भविष्याविषयीं खात्रीनें बोलूं लागला, कीं मला भूतकाळाची आठवण होते. तेव्हां पहिली मिळकत घेणारा तरुण नक्की काय विकत घेतो, या प्रश्नाचें उत्तर मीं मुंबईच्या इतिहासांत शोधलें. तें आज आपल्यापुढें ठेवितों.

प्रथम जमीनच घेऊं. मुंबई हें असें शहर आहे कीं जेथील जमिनीचा बराच भाग एके काळीं समुद्र होता. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाचा तह १६६१ मध्यें झाला आणि त्यान्वयें हीं बेटें इंग्लंडच्या राजाकडे आलीं. राजाला तीं नकोशीं झालीं, म्हणून १६६८ मध्यें त्यानें वर्षाला दहा पौंड खंड ठरवून तीं ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केलीं. म्हणजे या नगरीची पहिली मोठी मालकीणहि खरें पाहतां खंडकरीच होती! पुढें बेटांवरील जुन्या रहिवाशांत आणि कंपनींत जमिनीच्या हक्कांवरून तंटा लागला. गव्हर्नर जेरल्ड आँजियर यानें १६७२ मध्यें एक समेट घडवून आणिला व तो १६७४ मध्यें कायम झाला. रहिवाशांनीं दरसाल वीस हजार झेराफिन कंपनीला द्यावे आणि कंपनीनें त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहूं द्याव्या, असें त्यांत ठरलें. भरतीच्या पाण्यापासून सोडविलेल्या खाजणांवर जो खंड बसे त्यास 'फोरास' म्हणत. शब्द मूळचा पोर्तुगीज. या जमिनींचे हक्क निश्चित करण्यासाठीं १८५१ मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला. फोरास रोड हें रस्त्याचें नांव त्याच खंडाची आठवण आहे.

देशावरहि निराळें नव्हतें. तेथें मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची आज आहे तर उद्यां नाहीं. पण मिरासदारालाहि सरकारसारा चुकत नसे. तात्पर्य, जमीन ही केवळ माती कधींच नव्हती. ती राजाशीं, शेजाऱ्याशीं आणि कसणाऱ्याशीं केलेला करार होती. माती जागची हलत नाहीं हें खरें. करार मात्र हलतो, आणि किंमत कराराची असते. जमीन दगा देत नाहीं असें म्हणणारा मातीकडे पाहतो, कराराकडे पाहावयाचें विसरतो.

हें विसरल्याचा पहिला मोठा दंड मुंबईनें १८६५ मध्यें भरला. अमेरिकेंत १८६१ च्या एप्रिलांत यादवी युद्ध पेटलें. तेथील दक्षिण प्रांतांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचें मोल आलें. चार वर्षें मुंबईंत पैशाचा पूर लोटला. तो पैसा कोठें घालावा? लोकांना जमीन हवी होती, परंतु बेटावर जमीन थोडी. मग समुद्र मागें हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिच्या शेअरांसाठीं दलालांच्या दारांत गर्दी लोटे. या साऱ्या व्यवहाराचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ चा, म्हणजे युद्ध पेटलें तेव्हां वय अवघें तिशीचें. कागदावर जी जमीन विकली जात होती तिच्यावर अजून लाटा येत होत्या, याची कोणाला क्षिती नव्हती. आज घेतलेला कागद उद्यां अधिक किंमतीस जाई, एवढा हिशेब लोकांना पुरेसा वाटे. घेण्यासाठीं पैसे नसले तर तेच कागद गहाण ठेवून पेढ्या कर्ज देत.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंत शस्त्रें खालीं ठेवण्यांत आलीं आणि कापसाचे भाव कोसळले. वायद्याच्या सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजीं भरत होती. त्या दिवशीं देणें एकालाहि चुकतें करवेना, कारण प्रत्येकाचें येणें दुसऱ्याकडे अडकलेलें होतें. मोठमोठ्या घराण्यांचीं दिवाळीं वाजलीं. शेअरांच्या तारणावर सढळ हातानें कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्यें गुंडाळावी लागली. खुद्द प्रेमचंदांची संपत्ति गेली. मात्र विद्यापीठास त्यांनीं दिलेल्या देणगींतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्यें पुरा झाला, आणि तो अजून वेळ दाखवीत उभा आहे. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. १८७२ मध्यें ती ६,४४,४०५ राहिली. एक लाख बहात्तर हजार माणसें कमी! जेथें माणूस राहत नाहीं तेथें घराला भाडें कोण देणार?

या प्रसंगापासून तरुण खरेदीदारानें दोन गोष्टी ध्यानीं घ्याव्या. पहिली ही, कीं जी वस्तु अजून झालेली नाहीं ती विकत घेणारा वस्तु घेत नसतो, दुसऱ्याचें वचन घेत असतो. दुसरी ही, कीं ज्या भावावर आपण जीव टाकतों तो भाव ठरविणारें कारण कदाचित् सात समुद्रांपलीकडे असतें. भायखळ्याच्या घरमालकानें अमेरिकेच्या सेनापतींचीं नांवेंहि ऐकलीं नसतील. पण त्याचें भाडें त्या सेनापतींच्या हातीं होतें.

ही धूळ बसल्यावर मुंबईंत नवें पर्व सुरू झालें, तें चाळींचें. शहरांतील पहिली कापड-गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें स्थापिली. पुढें गिरण्यांची रांग लागली आणि कोंकण व घाट उतरून हजारों माणसें कामासाठीं आलीं. त्यांना निवारा हवा होता. एका रांगेंत दहा-बारा खोल्या, पुढें सामाईक सज्जा, मजल्याच्या टोंकाला नळ आणि मोरी: एवढ्या आटोपशीर बांधणीवर दरमहा ठरलेलें भाडें हातीं येई. हातीं थोडी माया जमलेल्या दुकानदाराला, मुकादमाला, हेडक्लार्काला चाळ ही खरीखुरी दुभती गाय वाटे. तिला चारापाणी मात्र कमी मिळे. खोलींत उजेड नाहीं, गटाराची वाट नाहीं, एकेका खोलींत दोन दोन बिऱ्हाडें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर अकासियु गाब्रिएल व्हिएगश यांना प्लेगाचे रोगी आढळले. त्यानंतरच्या महिन्यांत लोक वाट फुटेल तिकडे पळाले. १८९१ मध्यें ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ च्या गणतींत ७,७६,००६ भरली. सरकारनें १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या ताब्यांत घ्याव्या, पाडाव्या, रुंद रस्ते काढावे आणि उत्तरेकडे नवीं नगरें वसवावीं, असा त्याला अधिकार मिळाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याच्या कुदळींतून निघाले. दादर-माटुंग्याच्या वाड्या त्याच्या नकाशांतून उभ्या राहिल्या. ज्याची चाळ रस्त्याच्या रेषेंत आली त्याला भरपाई मिळाली, परंतु 'माझी चाळ पाडूं नका' असें म्हणण्याचा हक्क राहिला नाहीं. घराची अंतर्गत घाण हा मालकाचा खासगी प्रश्न नसून शहराच्या जीवितमरणाचा प्रश्न आहे, हें मुंबई मोठी किंमत देऊन शिकली.

नंतर पहिलें महायुद्ध आलें. वस्ती पुन्हां वाढली, बांधकाम थांबलें, घरभाडीं भडकलीं आणि १९१८ मध्यें सरकारनें पहिल्या प्रथम भाड्यावर कायद्यानें लगाम घातला. तो लगाम पुढील दशकांत सुटला. माझ्या आजोबांनीं चाळ घेतली त्या वेळीं भाड्यावर कायद्याचें बंधन असतें, ही गोष्ट लोक विसरूनहि गेले होते.

आतां त्या वहीकडे वळतों. आजोबा एका व्यापारी पेढींत कारकून होते. पांच हजार रुपये त्यांच्या शिलकेचे; दोन हजार आजीच्या पाटल्या आणि पुतळ्यांची माळ मोडून आलेले; आठ हजार एका सावकाराकडून गहाणावर, दरसाल दर शेंकडा आठ प्रमाणें. एकूण पंधरा हजार. चौदा खोल्या, प्रत्येकीं नऊ रुपये भाडें, म्हणजे महिना एकशें सव्वीस आणि वर्ष पंधराशें बारा. व्याजाचे सहाशें चाळीस, कर व दुरुस्तीचे सुमारें चारशें, उरले पावणेपांचशें. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेला आहे आणि त्यांत गणिताची एकहि चूक नाहीं. चूक असलीच तर ती एवढीच, कीं पुढील वर्षें मागील वर्षांसारखींच येतील असें त्यांत गृहीत धरलें होतें.

वर्षभरांत दुसरें महायुद्ध सुरू झालें. युद्ध, मागून फाळणी आणि निर्वासितांचे लोंढे. १९४१ मध्यें सुमारें पंधरा लाख असलेली मुंबईची वस्ती १९५१ मध्यें तेवीस लाखांवर गेली. अशा वेळीं भाडीं मोकळीं सोडलीं असतीं तर गरिबांना फूटपाथावांचून आसरा राहिला नसता. म्हणून १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण मानण्यांत आलें, आणि नियमानें भाडें देणाऱ्या भाडेकरूस घराबाहेर काढणें मालकास अवघड झालें. कायदा थोड्या वर्षांसाठीं म्हणून केला होता. त्याची मुदत पुन्हां पुन्हां वाढत गेली. आजोबांच्या वहींत १९४० मध्यें नऊ रुपये आहेत, १९५० मध्यें नऊ आहेत, १९७० मध्येंहि नऊच आहेत. करांच्या वाढीपोटीं वर कांहीं आणे, पुढें कांहीं पैसे, एवढाच फरक. गवंड्याची मजुरी मात्र कोणत्याहि कायद्यानें गोठविलेली नव्हती.

लहानपणीं महिन्याच्या पहिल्या तारखेस आजोबांबरोबर मी भाडें गोळा करावयास जात असें. लोक त्यांना 'मालक' म्हणत. मालकाच्या कोटाचीं कोपरें झिजलेलीं होतीं आणि तिसऱ्या खोलींतील गिरणी-कामगाराची मिळकत त्यांच्याहून अधिक होती. खोली सोडून जाणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून पागडी घेई. मालकानेंहि तींत वांटा घ्यावा अशी वहिवाट पडली होती. पागडी त्या वेळीं कायद्यानें गुन्हा होती. आजोबांनीं ती घेतली नाहीं. आजीनें एकदां विचारलें, "साऱ्या मुंबईनें घ्यावी आणि आपणच का घेऊं नये?" त्यावर ते एवढेंच म्हणाले, "मला पावती देतां येणार नाहीं असा पैसा मी वहींत कसा लिहूं?"

१९७४ च्या पावसाळ्यांत दुसऱ्या मजल्याच्या सज्जाचा एक तुकडा कोसळला. मी तेव्हां नववींत होतों. सातव्या खोलींतला एक मुलगा खालीं पडला आणि त्याचा पाय मोडला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं १९६९ च्या कायद्यानें मंडळ नेमलेलें होतें आणि उपकर भरणाऱ्या अशा १९,६४२ इमारती त्याच्या यादींत होत्या. आमची चाळ त्यांतलीच एक. तिची पाळी यावयाची होती. मुलाचा बाप भला माणूस. तो म्हणाला, "मालक, तुमचा काय दोष? नऊ रुपयांत तुम्ही तरी काय करणार?" आजोबा म्हणाले, "दोष कोणाचा तें मला ठाऊक नाहीं. सज्जा माझ्या नांवावर आहे." मुलाच्या इस्पितळाचा खर्च त्यांनीं आपल्या निवृत्तीच्या पैशांतून भागविला. त्या रात्रीं ते जेवले नाहींत. मालकी म्हणजे काय याची व्याख्या पुढें मीं अनेक पुस्तकांत वाचली. परंतु मला ती कळली त्या रात्रीं.

आजोबा १९८४ मध्यें वारले. भाडें जुन्या आंकड्यावर गोठवून ठेवणारीं कलमें काळाच्या ओघांत अवाजवी ठरलीं आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९७ च्या डिसेंबरांत दिला. महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें जुन्या भाड्यांत दरसाल शेंकडा चार वाढ मान्य केली आणि पागडीलाहि कायद्याची मान्यता दिली. पुढें आमची चाळ पाडून तेथें उंच इमारत झाली. भाडेकरूंना तींत मालकीचे गाळे मिळाले. आजोबांच्या अकरा वारसांना जें मिळालें त्यांतील वडिलांच्या वांट्यांत गांवच्या घराचीं कौलें नवीं झालीं. ज्यानें चाळ विकत घेतली त्याच्या वंशजांपेक्षां तींत भाड्यानें राहिलेल्यांना अधिक लाभ झाला, असें पाहून माझ्या चुलत्यांना संताप येई. मला येत नाहीं. त्या माणसांनीं साठ वर्षें त्या सज्जांत लग्नें लावलीं, बारसीं केलीं, गळक्या छपरावर स्वतः पत्रे ठोकले. शहर त्यांनीं केलें. त्यांतला एक गाळा त्यांच्या वांट्यास आला, यांत अन्याय तो कोणता?

येथें कोणी म्हणेल, 'मग मिळकत घेऊंच नये काय?' असें इतिहास सांगत नाहीं. आजोबांची चाळ उभी होती त्याच मुंबईंत दुसरीहि एक वाट तयार होत होती. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ मध्यें गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. नोकरीपेशाच्या माणसांनीं एकत्र यावें, थोडें थोडें भांडवल घालावें आणि स्वतःच्या संस्थेच्या इमारतींत राहावें, अशी ती योजना. तेथें मालकहि तेच आणि भाडेकरूहि तेच. इमारतीच्या दुरुस्तीसाठीं कोणाच्या दाराशीं जावयाचें नाहीं, कारण दार आपलेंच. स्वातंत्र्यानंतर मालकीच्या गाळ्यांची पद्धत वाढली. बांधणाऱ्यांनीं ग्राहकांना फसवूं नये म्हणून महाराष्ट्रानें १९६३ मध्यें त्यासाठीं कायदा केला.

कर्जाची वाटहि पुढें सुधारली. पगारदार माणसाला घरासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज देणारी एक मोठी संस्था हसमुखभाई पारेख यांनीं १९७७ मध्यें मुंबईंत उभारली. ती २०२३ मध्यें तिच्याच बँकेंत विलीन झाली. तिनें १९७८ मध्यें पहिलें कर्ज दिलें तें मालाड येथील एका घरासाठीं. त्या कर्जाकडे मी पुतण्याचें लक्ष मुद्दाम वेधलें. त्या पहिल्या कर्जदारानें घराच्या किंमतीचा मोठा हिस्सा पदरचा घातला होता आणि उरलेलाच उसना घेतला होता. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या किंमतीच्या नऊ दशांशापर्यंत रक्कम मिळूं शकते, त्याच्यावर पंचाहत्तर लाखांपर्यंत चार पंचमांश. मिळूं शकते म्हणून घ्यावीच असें नाहीं.

मग आम्ही दोघांनीं पाटी-पेन्सिलीचा हिशेब केला. चाळीस लाख रुपये, दर शेंकडा नऊ व्याज, मुदत वीस वर्षें: हप्ता महिना सुमारें छत्तीस हजार. वीस वर्षांत फेड शहाऐंशी लाखांच्या वर. म्हणजे व्याजच मुद्दलाहून अधिक. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत दामदुप्पटीचा नियम होता. एका वेळीं मागावयाचें थकलेलें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, असा तो नियम. हप्त्यांच्या कर्जाला तो लागू पडत नाहीं, परंतु त्यामागील शहाणपण आजहि शिळें झालेलें नाहीं. त्याच्या गाळ्याला भाडें येणार तें त्याच्याच अंदाजानें चौदा हजार. उरलेले बावीस हजार दरमहा पगारांतून. "आणि दोन महिने भाडेकरू मिळाला नाहीं तर?" मीं विचारलें. तो गप्प राहिला. आजोबांच्या वहींत निदान पहिल्या दिवशीं तरी भाडें व्याजाहून अधिक होतें!

कायद्यानें आजच्या तरुणास पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक संरक्षण दिलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें नोंदणीकृत करार केल्यावांचून बांधणाऱ्यास किंमतीच्या दशांशापेक्षां अधिक रक्कम घेतां येत नाहीं, आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग त्याच बांधकामासाठीं निराळ्या खात्यांत ठेवावा लागतो. १८६५ च्या मुंबईकरांना एवढें जरी मिळालें असतें, तरी पुष्कळ दिवाळीं टळलीं असतीं. परंतु कायदा जागा असला तरी खरेदीदारानें झोपूं नये. सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः पाहावी; मागील तीस वर्षांत त्या जमिनीवर कोणाचा बोजा होता याचा शोध वकिलाकडून घ्यावा; तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावें; भाड्यानें दिल्यास करार नोंदवावा, कारण तें कर्तव्य कायद्यानें मालकावर टाकलें आहे. आणि सर्वांत सोपी गोष्ट जी कोणी करीत नाहीं, ती ही: त्या जागीं एकदां पावसाळ्यांत आणि एकदां रात्रीं पायीं जाऊन यावें.

पुतण्यानें ही शेवटची गोष्ट ऐकली. पुढच्या रविवारीं संध्याकाळीं तो सार्वजनिक बसनें त्या जागीं गेला. शेवटचा पाऊण मैल त्याला चिखलांतून चालावें लागलें. शेजारच्या दोन पुऱ्या झालेल्या इमारतींत निम्म्या खिडक्या अंधारांत होत्या आणि फाटकावर 'भाड्यानें देणें आहे' अशा पाट्यांची दाटी होती. चौदा हजारांचा भाव त्या पाट्यांनीं त्याला न विचारतां खालीं आणिला. त्यानें तो गाळा घेतला नाहीं. मिळकत घेण्याचा विचारहि सोडला नाहीं. आणखी दोन वर्षें शिल्लक टाकून, कर्जाचा हिस्सा निम्म्यावर आणून, वस्ती असलेल्या भागांत तयार घर पाहण्याचा त्याचा बेत आहे. त्याचा बेत बरोबर ठरेल कीं नाहीं तें मी सांगूं शकत नाहीं. गेल्या साडेतीनशें वर्षांत मुंबईच्या जमिनीनें भल्याभल्यांचे अंदाज चुकविले आहेत. एका निवृत्त शाळामास्तराचा अंदाज ती कशाला खरा करील?

पण जातांना त्यानें आजोबांची वही मागून घेतली. पहिल्या पानावरील तो निर्दोष हिशेब त्यानें वाचला आणि मग पानें उलटीत १९७४ च्या जुलैपाशीं आला. तेथें जमेच्या बाजूला नेहमींप्रमाणें एकशें सव्वीस रुपये आहेत. खर्चाच्या बाजूला एकच ओळ आहे: 'खोली सात, मुलाचा पाय, इस्पितळ.' पुढें रक्कम. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होता. मग म्हणाला, "काका, हा खर्च माझ्या हिशेबांत कोठें धरावा?"

मी म्हणालों, "पहिल्या पानावर."